वेळावदरच्या कुरणात भोवत्यांची मोजणी

खंभातच्या आखाताला लागून, गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात, भाल नावाचा सपाट आणि खारवट मुलूख आहे. पावसाळ्यात इथे दूरवर पाणी साचते आणि दिवाळीच्या सुमारास ते ओसरू लागले की पिवळे पडत चाललेले गवत आणि मधूनमधून पाणथळ जागा तेवढ्या उरतात. याच मुलखातले वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान क्षेत्रफळाने जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचे. एकेकाळी ते भावनगरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. १९७६ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बहुतेक प्रवासी इथे काळविटांचे कळप पाहायला येतात. आम्ही पुण्याहून गेलो होतो ते भोवत्या मोजायला.

भोवत्या हे शिकारी पक्षी कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशांत वीण करतात आणि थंडीपूर्वी भारतात उतरतात. दिवसा ते आसपासच्या कपाशीच्या शेतांवर आणि माळांवर, पंख किंचित वर उचलून, जमिनीलगत तरंगत टोळ आणि उंदीर शोधत फिरतात. मात्र रात्री झाडावर न बसता ते उघड्या गवतात, जमिनीवरच, एकमेकांच्या सोबतीने झोपतात. वेळावदरचा रातथारा, म्हणजे रात्री एकत्र झोपण्याची जागा, जगातल्या सर्वांत मोठ्या रातथाऱ्यांपैकी एक असल्याचे रॉजर क्लार्क या ब्रिटिश अभ्यासकाने विभू प्रकाश आणि इतर सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात दाखवून दिले, आणि तेव्हापासून भोवत्यांच्या अभ्यासात या लहानशा कुरणाचे नाव आदराने घेतले जाते.

मोजणीची पद्धत सांगायला सोपी आहे. गवताच्या चारही बाजूंना, पक्षी बुजणार नाहीत इतक्या अंतरावर, एकेक जोडी उभी राहते. एकाने दुर्बिणीतून पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि आपल्या वाट्याची दिशा सोडून दुसऱ्याच्या हद्दीतला पक्षी कितीही देखणा असला तरी मोजायचा नाही. दर दहा मिनिटांनी वहीत नवी ओळ सुरू करायची. खरी अडचण पक्ष्यांच्या वागण्यात आहे. ते येतात, गवतावर घिरट्या घालतात, खाली बसतात, पुन्हा उठतात, कधी शेजारच्या मोकळ्या जमिनीवर बराच वेळ बसून राहतात आणि मग आत शिरतात. म्हणून हद्दीची रेघ ओलांडून आत आलेला प्रत्येक पक्षी मिळवायचा आणि बाहेर गेलेला वजा करायचा, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो.

सूर्य कलला तसे आमच्याबरोबरचे वनरक्षकभाई पश्चिमेकडे बोट दाखवून गुजरातीत म्हणाले, “हवे आवशे”, म्हणजे आता येतील. आधी दोन-तीन ठिपके दिसले आणि मग येणाऱ्यांची रीघच लागली. पांढुरक्या भोवत्याचा नर ओळखायला कष्ट पडत नाहीत: अंग जवळजवळ पांढरे आणि पंखांच्या टोकाशी काळी, निमुळती पाचर. माँटेग्यूचा भोवत्या नर असेल तर राखाडी रंग अधिक गडद आणि पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी पट्टी. दलदली भोवत्या थोराड आणि रुंद पंखांचा. त्याच्या मादीचा फिकट पिवळसर माथा तिरप्या उन्हात दुरूनही उठून दिसतो. पण पांढुरक्या आणि माँटेग्यूच्या माद्या व पिल्ले, तपकिरी अंगाची आणि कमरेवर पांढरा पट्टा असलेली, मावळत्या प्रकाशात वेगळी करणे फार कठीण असते. त्यांच्यासाठी वहीत ‘अनिश्चित’ असा वेगळा रकाना होता आणि त्या संध्याकाळी सर्वांत जास्त आकडे त्यातच पडले. मला त्यात काही उणे वाटत नाही. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा प्रामाणिक ‘अनिश्चित’ पुढच्या अभ्यासकाच्या अधिक उपयोगी पडते, विशेषतः पांढुरका भोवत्या जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत गणला जात असताना.

पहाटे पुन्हा त्याच जागी उभे राहून बाहेर पडणारे पक्षी मोजले. संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा आकडा जुळत नाही, कारण काही पक्षी पूर्ण उजाडण्याआधीच उडून जातात. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवतात, त्यांची सरासरी काढत नाहीत.

सगळे पक्षी गेल्यावर वनरक्षकांच्या परवानगीने आणि त्यांच्यासोबत कुरणाच्या कडेपर्यंत जाता आले. दबलेल्या गवताच्या छोट्या खळग्यांशेजारी भोवत्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. एक गोळी बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, कोरडी आणि अगदी हलकी होती. काडीने ती उकलली तेव्हा आत टोळांच्या काटेरी तंगड्या, चकचकीत जबड्यांचे तुकडे आणि थोडे उंदराचे केस निघाले. शेतकऱ्याच्या पिकावर बसणारा टोळ असा रोज रात्री या गवतात येऊन पडतो.

देशातल्या काही रातथाऱ्यांवर, आंध्रातल्या रोल्लापाडूसारख्या जुन्या ठिकाणीसुद्धा, भोवत्यांची संख्या घटल्याचे टी. गणेश यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षांच्या मोजणीतून दाखवले आहे. माळराने नांगरली जात आहेत, आणि टोळांसाठी मारलेले कीटकनाशक टोळ खाणाऱ्यालाही गाठते. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळांवरही हेच पक्षी हिवाळ्यात येतात आणि तिथली गवताळ जमीन सरकारदरबारी अनेकदा ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेली असते. आमच्या दोन्ही वेळच्या वह्या, ‘अनिश्चित’च्या रकान्यासकट, निघण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात जमा केल्या.