पुस्तकं न्यायला कोणीतरी आलं

आमच्या शेजारच्या घरी दर महिन्याला पोस्टाने एक पातळ पाकीट येतं, त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीच्या नावावर, आणि त्यात गोष्टीचं पुस्तक असतं. फुकट. मला आधी वाटलेलं की वर्गणी वगैरे भरली असेल, पण नाही, ते पीजे लायब्ररीचं पुस्तक. हॅरॉल्ड ग्रिन्स्पून म्हणून आमच्याच भागातले, म्हणजे पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले, रिअल इस्टेटमध्ये पैसा कमावलेले गृहस्थ, त्यांनी २००५ मध्ये हे सुरू केलं, कल्पना घेतली डॉली पार्टन या गायिकेच्या अशाच एका उपक्रमावरून. पीजे म्हणजे पजामा, रात्री झोपताना वाचायच्या ज्यू गोष्टी. आता इस्राएलमध्ये हिब्रूतूनही जातात.

शेजारणीच्या किचनमध्ये एक पत्र्याचा डबा आहे, त्याला त्या 'पुष्के' म्हणतात, शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या आधी लेक त्यात नाणी टाकते. या देण्याला शब्द आहे 'त्सदाका'. मी म्हटलं आमच्याकडे दान म्हणतात, तर त्या म्हणाल्या की आमच्या शब्दाचं मूळ दयेत नाही, न्यायात आहे, देणं लागतंच म्हणून द्यायचं. (पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून झालं ते डेव्हिड ससून बगदादी ज्यू, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना किती आनंद झाला!)

तर त्याच मला अॅमहर्स्टला यिडिश बुक सेंटर बघायला घेऊन गेल्या. सफरचंदाच्या बागेशेजारी उतरत्या छपरांची लाकडी इमारत, पूर्व युरोपातल्या जुन्या ज्यू गावांच्या घरांसारखी, आणि आत पुस्तकंच पुस्तकं, खाली उतरून रॅकांमधून फिरता येतं, हात लावता येतो. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची बोली, जर्मनच्या कुळातली पण हिब्रू लिपीत लिहितात. दुसऱ्या महायुद्धाआधी एक कोटीहून जास्त लोक ती बोलायचे. मग नाझींनी बोलणारेच मारले, लाखोंनी. जे अमेरिकेत होते त्यांची मुलं इंग्लिशमध्ये वाढली, आणि आजोबा गेले की कपाटं रिकामी व्हायला लागली कारण घरात वाचणारंच कोणी उरलं नाही.

१९८० मध्ये अॅरन लॅन्स्की नावाचा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा यिडिश शिकत होता आणि त्याला वाचायला पुस्तकं मिळेनात, म्हणून त्याने मागायला सुरुवात केली, एवढंच. जाणकार म्हणत होते जगात जेमतेम ७०,००० यिडिश पुस्तकं मिळवता येतील, तेवढी सहाच महिन्यांत जमली. पुढे आकडा दहा लाखांच्या वर गेला, आणि त्यातूनच हे सेंटर उभं राहिलं. न्यूयॉर्कमध्ये एकदा कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकलेली हजारो पुस्तकं भर पावसात मित्रांना बोलावून उपसून काढली त्याने. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. म्हातारी माणसं त्याला नुसती खोकी देत नसत. आधी बसवून जेवायला घालायची, मग एकेक पुस्तक हातात देऊन सांगायची, हे कुठे घेतलं, तेव्हा पगार किती होता, कोणासोबत वाचलं. किती वर्षं वाट बघितली असेल त्यांनी कोणीतरी येऊन विचारण्याची.

मोठा पैसा नंतर आला हे मला महत्त्वाचं वाटतं, आधी भाड्याचे ट्रक आणि 'झामलर', म्हणजे गावोगावचे गोळा करणारे स्वयंसेवक. पण नंतरचा पैसाही जिथे लागायचा तिथेच लागला. सिनेमा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गने 'शिंडलर्स लिस्ट' या सिनेमाची कमाई ज्यू संस्कृतीच्या कामासाठी फाउंडेशनमध्ये घातली, इथल्या डिजिटल लायब्ररीलाही त्याचं नाव आहे, हजारो पुस्तकं स्कॅन करून नेटवर मोफत ठेवली आहेत, कोणीही उतरवून घ्यावीत. जास्तीच्या प्रती जगभरच्या युनिव्हर्सिटींना गेल्या, बाल्टिक देशांतही पाठवल्या, म्हणजे जिथून ती भाषा पुसली गेली तिथेच परत. आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांना सात आठवडे यिडिश शिकवतात, निवड झालेल्यांना शिकवणीची फी नाही. भिंतीवर देणगीदारांची नावं आहेत आणि असायलाच हवीत, पण मी त्या मुलांच्या वर्गाचा फोटो बघत जास्त वेळ उभी राहिले.

परतताना गाडीत मी शेजारणीला १८७४ च्या पुण्याच्या हागादाबद्दल सांगितलं. पासोव्हर या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायचं ते पुस्तक, हिब्रूसोबत मराठी, आणि त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताहेत. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी पुण्यात छापलेलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोनवर ते चित्र शोधून बघितलं, मला शीर्षकातली मराठी वाचून दाखवायला लावली, दोनदा.

घरी आल्यावर साताऱ्याला दादाला फोन केला. आजोबांची लोखंडी ट्रंक माळ्यावर पडून आहे आणि तो गेल्या दिवाळीपासून विचारतोय, रद्दीवाल्याला देऊ का, आणि मी दर वेळी बघू म्हणत होते. या वेळी म्हटलं, देऊ नकोस, आधी उघड आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव. रविवारी चार फोटो आले. एकावर आजोबांची सही, खाली पेन्सिलने किंमत, दीड रुपया, आणि अजून एक नाव जे आमच्या घरात कोणाचंच नाही. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, उद्या तिला विचारते.