कपातीचा टक्का

सरकारी आरोग्य योजनेकडे केलेले बिलांचे दावे तपासायला पथक येणार म्हटलं की रुग्णालयाचा अकाउंट्स विभाग मोठ्या रकमेच्या फायली आधी चकाचक करून ठेवतो. आम्हीही ठेवल्या होत्या. आलेल्या मॅडमनी त्या गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. "अंदाजित कपातीचं खातं काढा," म्हणाल्या.

नेमकी नस धरली होती. रुग्णालयाचं बिल म्हणजे उत्पन्न नव्हे. योजनेचे दर ठरलेले, वर दाव्यात कपात, काही दावे साफ नामंजूर. पैसे यायला महिने लागतात. ताळेबंद तेवढा थांबत नाही. म्हणून किती कापलं जाईल याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम आधीच वजा करायची. हा अंदाज जरा कमी धरला की एकही खोटं बिल न करता नफा फुगतो. अमेरिकेत २००३ साली उघडकीला आलेल्या हेल्थसाउथ या रुग्णालय कंपनीच्या घोटाळ्यात अशाच वजावटीच्या खात्यातून कमाई फुगवली होती. लेखापरीक्षकांची नजर ठरावीक रकमेच्या वर असते हे हेरून बनावट नोंदी मुद्दाम तिच्याखाली ठेवल्या होत्या. तपासणीची रेषा कळली की माणसं तिच्याखालून वाकून जातात.

मॅडमनी एक केसपेपर उघडला. बिलात आयसीयूचे तीन दिवस. नर्सिंग चार्टवर दुसऱ्याच सकाळची नोंद : 'वॉर्डात हलवले'. "हा तिसरा दिवस कापला जाणारच. मग उत्पन्नात कशाला धरलात?"

मग मागच्या वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष कपात शेजारी शेजारी मांडायला लावली. कपात चढत गेलेली, आमचा अंदाजाचा टक्का जागचा हललेला नाही. टक्का वरून ठरून यायचा. त्यावरची माझी हरकतीची टिपणं फायलीतच होती. ती त्यांनी शांतपणे वाचली आणि झेरॉक्स मागितली.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. "वसुली निघेल ती भरून टाकू. ताळेबंदाला कशाला हात लावता?" मी आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाचा नियम सांगितला : पुढे उलटवावी लागणार नाही याची दाट शक्यता असेल तेवढीच रक्कम उत्पन्न. पलीकडून बराच वेळ आवाज नाही.

तिमाहीचा नफा घटला. सरकारी नमुने भरून जीव मेटाकुटीला येतो, एकच खर्च तीन तऱ्हेने दाखवावा लागतो, ही माझी तक्रार आजही आहे. पण टक्का आता दर तिमाहीला प्रत्यक्ष कपातीवरून ठरतो, आणि वॉर्डात हलवल्याची वेळ सिस्टर त्याच दिवशी आमच्याकडे पाठवतात.