आमची वाटचाल: पाहुणे किती घ्यायचे, हे गावाने ठरवायचे

आमची कंपनी लहान आहे. सहा जणांपर्यंतचा गट, गावातल्या घरांत मुक्काम, गावचाच वाटाड्या आणि किमान तीन रात्री, एवढेच आम्ही विकतो. या धंद्यात सुरुवातीची पद्धत सगळ्यांची सारखीच असते आणि आमचीही तीच होती. पाहुण्याकडून एकरकमी पैसे घ्यायचे, त्यातून घराला रात्रीचा ठरलेला दर द्यायचा, उरलेले गाडी, कार्यालय आणि जाहिरातीत घालायचे. यात कोणी कोणाला फसवत नाही. पण गावात नेमके किती राहते हे घरालाही कळत नाही आणि कंपनीलाही. म्हणून पहिला बदल हिशेबाच्या वहीत झाला.

वहीत प्रत्येक सहलीचे 100 भाग पाडले जातात. समजण्यापुरते आकडे घेऊ. 22 भाग प्रवासाला, 15 बुकिंगच्या संकेतस्थळाला कमिशन, 20 कार्यालय आणि जाहिरात, 8 विमा व कर. उरले 35, त्यातले 22 घराला, 8 वाटाड्याला आणि 5 गावाच्या सामायिक निधीला. इथे थांबले तर माहितीपत्रकात ‘35 टक्के गावाला’ असे छापता येते, आणि अनेक जण तसे छापतातही. पण घराने आपल्या 22 पैकी 12 भाग शहरातून आणलेल्या शिध्यावर, गॅसवर आणि चादरींवर खर्च केले, तर गावात प्रत्यक्ष राहिले 23. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. ती पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत दिसते.

गळती दोन ठिकाणी थोपवता येते. एक म्हणजे कमिशन. पाहुणा आपल्या ओळखीने किंवा थेट फोनवरून आला की त्या 15 भागांतला बराचसा वाटा सुटतो, आणि तो कोणाकडे जाणार हे करारात आधीच लिहिलेले असावे लागते, नाहीतर तो आपोआप कार्यालयात जिरतो. दुसरे ठिकाण स्वयंपाकघर. जेवण गावात त्या महिन्यात काय पिकते यावर ठरते, पाहुण्याच्या फर्माईशीवर नाही, आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगितले जाते. यातही एक खोच आहे. पाहुण्यांच्या घरांनी गावातला सगळा माल उचलला की ज्या घरांत पाहुणे येत नाहीत त्यांना तोच माल महाग पडतो. म्हणून हंगामाआधी पिकवणाऱ्यांशी बोलून फक्त त्यांच्या घरची गरज भागून उरणारा माल ठरवून घ्यावा लागतो.

पैसे कधी द्यायचे, याचे नियम आम्ही दरापेक्षा महत्त्वाचे मानतो. पाहुणे येण्याच्या सात दिवस आधी निम्मी रक्कम, पाहुणे निघतील त्याच दिवशी उरलेली. सात दिवसांच्या आत सहल रद्द झाली तर आगाऊ रक्कम घराकडेच राहते, पाहुण्याला परत काय द्यायचे तो कंपनीचा प्रश्न. महिनाअखेरीला हिशेब करणारी कंपनी प्रत्यक्षात गावाकडून बिनव्याजी कर्ज घेत असते, कारण शिधा घराने आधीच भरलेला असतो. रद्द झालेल्या सहलीचा तोटा ज्याच्याकडे सर्वांत कमी शिल्लक आहे त्याच्यावर टाकणे ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

पाळी आणि भांडणे

घरांची पाळी लावणे कागदावर सोपे दिसते. नोंदणी झालेली घरे एका यादीत, गट आला की पुढचे घर. बिघडते ते असे: पाहुणा आधी राहिलेलेच घर मागतो, रस्त्यालगतचे किंवा पक्क्या न्हाणीघराचे घर आपोआप पुढे सरकते, आणि दोन-तीन घरे मिळून गुपचूप दर पाडतात. दर एकदा पडला की तो पुन्हा वर येत नाही. म्हणून किमान दर गावसभेत ठरतो आणि पाळी घराची नाही, रात्रींची मोजली जाते. मागणीवरून एखाद्या घरी तीन रात्री गेल्या, तर ते घर यादीत तीन जागा मागे जाते. यादी सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर लावलेली असते. मोबाइलमधल्या यादीवर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि बसू नयेच.

याहून अवघड प्रश्न जागा नसलेल्या घरांचा. पाहुण्यासाठी वेगळी खोली ज्यांच्याकडे आहे ती घरे मुळातच बरी असतात. नुसते होमस्टे चालवले की गावातली दरी वाढते. त्यामुळे सामान वाहणे, चादरी धुणे, वाट साफ ठेवणे, शिधा पुरवणे ही कामे आधी यादीबाहेरच्या घरांना जातात आणि त्यांचा मोबदला वेगळा लिहिला जातो, यजमानाच्या दरात कोंबला जात नाही. सामान वाहणाऱ्यासाठी वजनाची मर्यादा ठरवून निघण्याच्या जागी काटा ठेवतो. काटा नसेल तर मर्यादा फक्त कागदावर राहते.

पैसा कोणाच्या खात्यात जातो, हेही विचारावे लागते. पाहुणा आला की घरातल्या बाईचे काम रोज काही तासांनी वाढते, आणि रक्कम मात्र बहुधा पुरुषाच्या खात्यात पडते. करारात आम्ही घरकाम करणाऱ्या व्यक्तीचे खाते मागतो किंवा संयुक्त खाते. घराला सलग चार रात्रींनंतर सुट्टी मिळते. सुट्टी नको म्हणणारी घरे असतात, तरी ती द्यावी लागते. दमलेल्या घरात पाहुण्याला आपण आगंतुक आहोत हे पहिल्या संध्याकाळीच जाणवते.

पाणी: संख्येचे खरे मोजमाप

एका गावाने किती पाहुणे घ्यावेत, याचे उत्तर खोल्या मोजून मिळत नाही. मिगेल सिफुएन्तेस यांनी 1992 मध्ये मांडलेल्या धारणक्षमतेच्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. आधी जागेत शारीरिकदृष्ट्या किती माणसे मावतात, मग पाऊस, धूप, प्राण्यांचे हंगाम अशा अडचणींनी ती संख्या किती खाली येते, आणि शेवटी व्यवस्थापनाच्या ताकदीने आणखी किती खाली. ही पद्धत संरक्षित क्षेत्रातल्या वाटांसाठी मांडलेली आहे. गावासाठी आमच्या मते पाणीच आधी मोजावे, कारण तिथे चूक झाली की ती गावकऱ्यांच्या हंड्यात उतरते.

मोजणी साधी आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात 20 लिटरची बादली झऱ्याखाली धरायची आणि ती भरायला लागणारा वेळ घड्याळावर बघायचा. तीन वेळा, पहाटे आणि दुपारी. समजा सरासरी दोन मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला 10 लिटर, दिवसाला 14,400 लिटर. गळती आणि सांडणीचे 15 टक्के वजा केले की 12,240. गावात 200 माणसे, माणशी 50 लिटर धरले तर 10,000. जनावरांना 1,500. उरले 740 लिटर. पाहुणा स्वतःला कितीही काटकसरी समजत असला तरी अंघोळ, कपडे आणि फ्लश मिळून 100 लिटर धरावेत. म्हणजे त्या गावाची कोरड्या महिन्यातली मर्यादा सात पाहुणे, खोल्या वीस असल्या तरी. रात्रीचे पाणी साठवणारी टाकी नसेल तर सातही नाहीत, कारण रात्रभर वाहून गेलेले पाणी हिशेबात असते, हंड्यात नसते. पावसाळ्यानंतर हीच संख्या कितीतरी वाढते, म्हणून मर्यादा वर्षाची एकच न ठेवता महिन्यागणिक ठेवायची. या मोजणीनंतर कोरड्या महिन्यांतल्या सहली कमी झाल्या आणि त्या काळातले उत्पन्नही घटले. त्याला पर्याय नाही.

पाण्यामागोमाग मैला येतो. ज्या घरात पाच माणसांसाठी खड्डा काढलेला आहे तिथे हंगामभर नऊ माणसे वापर करतात, आणि खड्डा अपेक्षेपेक्षा लवकर भरतो. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक वापरात आणि एक झाकून विश्रांतीत ठेवता येतो, पण पाहुण्यांमुळे भरण्याचा वेग वाढला की दुसरा खड्डा मुरण्याआधीच उघडावा लागतो, तिथे रोगराईचा धोका असतो. शोषखड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान 30 मीटर आणि तळ भूजलपातळीच्या दीड मीटर वर, हा मानवतावादी मदतकार्यातला सर्वमान्य निकष आम्ही किमान म्हणून पाळतो. भेगाळ खडकात तेवढेही पुरत नाही. नवे घर यादीत घेताना खोली बघण्याआधी आम्ही खड्डा बघतो.

ही बाब किती महाग पडू शकते याचे उदाहरण फिलिपिन्सचे बोराकाय बेट. सांडपाणी समुद्रात जात असल्यामुळे 2018 मध्ये सरकारने ते सहा महिने पर्यटकांसाठी पूर्ण बंद केले. बंदीचा फटका हॉटेलमालकांइतकाच तिथल्या रोजंदारीवरच्या माणसांना बसला. थायलंडमधली माया बे ही समुद्रखाडी त्याच वर्षी बंद झाली आणि 2022 मध्ये मर्यादित संख्येने उघडली. दोन्हीकडे मर्यादा आली ती नुकसान झाल्यावर. पेरूमधल्या इंका वाटेवर रोज 500 माणसांना परवानगी असते आणि त्यात वाटाडे, स्वयंपाकी, हमालही मोजले जातात. हा तपशील आम्हाला उपयोगी पडला. आमच्या गटाची सहाची मर्यादा पाहुण्यांची असली, तरी गावाच्या मर्यादेत बाहेरून येणारा चालक आणि आमचा समन्वयकही धरला जातो. पाणी तेही पितात.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. आलेला सुका कचरा गोणीत भरून वजन करायचा आणि त्याच गाडीने परत न्यायचा. पॅकबंद पाण्याच्या बाटल्या नाहीत, प्रत्येक घरात गाळणी आणि उकळलेले पाणी. बॅटऱ्या आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या पिशवीत. गावात जाळायला काही मागे ठेवायचे नाही.

काय मोजत राहायचे

अमेरिकेच्या वनसेवेने 1985 मध्ये ‘स्वीकारार्ह बदलाच्या मर्यादा’ ही पद्धत मांडली. किती माणसे चालतील, याऐवजी कोणता बदल कुठपर्यंत चालेल, असा तिचा प्रश्न आहे. गावात हा प्रश्न विचारणे सोपे जाते. वाटेवर ठरावीक ठिकाणी दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आहेत. दर हंगामाच्या शेवटी त्यांच्यामध्ये फीत ताणून वाटेची रुंदी आणि दर 20 सेंटीमीटरवर फितीपासून जमिनीची खोली मोजली जाते. ओल्या मातीत पाहुणे चिखल टाळायला कडेने चालतात आणि वाट रुंदावते, म्हणून रुंदी वाढलेली दिसली की संख्या कमी करण्याआधी तिथे दगड बसवून पाणी वळवावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. पाणवठ्यावर थांबावे लागणारा वेळ, वाटाड्याच्या कामासाठी शाळा बुडवणारी मुले, बाहेरच्यांना भाडेपट्ट्याने गेलेली जमीन, यांचीही नोंद होते. शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. जमीन एकदा गेली की बाकीचे सगळे नियम नव्या मालकाच्या मर्जीवर चालतात.

लोकांच्या मनातला बदल मोजणे अधिक कठीण. जॉर्ज डॉक्सी यांनी 1975 मध्ये त्याचे चार टप्पे सांगितले: उत्साह, उदासीनता, त्रासिकपणा, वैर. सभेत विचारले तर सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात, विशेषतः यजमान घरे समोर बसलेली असताना. त्यामुळे यादीबाहेरच्या घरांना वेगळे विचारावे लागते आणि ते काम कंपनीच्या माणसाने करू नये. न विचारता काढलेले फोटो आणि ड्रोन या दोन तक्रारी इतक्या वेळा येतात की ड्रोनवर आता सरसकट बंदी आहे.

तारखा कोणाच्या हाती

या सगळ्यानंतरही बुकिंगच्या तारखा कंपनीकडे असतील तर गाव पुरवठादारच राहते. नामिबियाने 1996 च्या कायद्याने स्थानिक समूहांना संवर्धन क्षेत्रे स्थापून वन्यजीव आणि पर्यटनावरचे हक्क घेण्याची सोय केली. तिथे कंपनीला समूहाशी करार करावा लागतो, समूहाला कंपनीची मनधरणी करावी लागत नाही. आमच्याकडे कायद्याचे असे पाठबळ नाही, म्हणून तोच क्रम करारात लिहिला. तारखा गावसमिती उघडते. पेरणी, कापणी, परीक्षा, मयत, कोणत्याही कारणाने समिती तारीख बंद करू शकते आणि कारण सांगणे बंधनकारक नाही. आधीच घेतलेल्या बुकिंगला वीस दिवसांची सूचना लागते, आणीबाणी सोडून. सामायिक निधीच्या खात्यावर तीन सह्या, त्यांतली एक यादीबाहेरच्या घराची. खर्चाचे वाचन दर तीन महिन्यांनी.

कंपनीला याची किंमत मोजावी लागते. मोठ्या ट्रॅव्हल एजंटांना वर्षभराच्या हमखास तारखा हव्या असतात, त्या आम्ही देऊ शकत नाही, म्हणून ते काम मिळत नाही. प्रमाणपत्राचा खर्चही लहान कंपनीला जड जातो. जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेचे निकष मात्र कोणालाही वाचता येतात. परिषद स्वतः प्रमाणपत्र देत नाही, ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. आम्ही ते निकष तपासयादीसारखे वापरतो आणि माहितीपत्रकात ‘प्रमाणित’ असा शब्द घालत नाही.

दूरवरून येणाऱ्या पाहुण्याच्या प्रवासातला इंधनाचा धूर गावातल्या कोणत्याही काटकसरीने भरून निघत नाही. किमान तीन रात्रींची अट त्यासाठीच आहे, आणि पुढच्या करारात ती चारवर न्यावी असा आमचा प्रस्ताव आहे. दोन समित्यांनी त्याला विरोध केला आहे, कारण चार रात्रींचे पाहुणे कमी मिळतील आणि पाळी लांबेल. त्यांचा हिशेब बरोबर आहे. त्यामुळे कोरड्या महिन्यांत तीन आणि पावसाळ्यानंतर चार, अशा तडजोडीवर सध्या बोलणी चालू आहेत.