पहिल्या पानामागे पस्तिसावं

अमळनेरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षेच्या दिवसांत पोरं एका कागदावर नऊ-नऊ पानं मागतात, अक्षर मुंगीएवढं. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि पैसे सोडवत नाहीत म्हणून मीही देतो. तेव्हा कागदावर पानं बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी समजत होतो.

गेल्या श्रावणात शनिवारी संध्याकाळी एकजण आला, सोबत म्हातारी आई. दुसऱ्या दिवशी घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसणार होती, नागपंचमीनंतरचा रविवार. आईची गाणी पुतणीने मोबाइलवर टाइप केलेली. सुनांना गाणी येत नाहीत, म्हणून 50 पुस्तिका हव्या होत्या.

ए-फोरचं पान अर्ध्या कागदावर बसवलं की अक्षर 71 टक्क्यांवर येतं, म्हणून आधी टाइप मोठा केला. 35 पानं झाली. पुस्तिकेला पानं चारच्या पटीत लागतात; मुखपृष्ठ घालून 36 केली. म्हणजे ए-फोरचे नऊ कागद. पहिल्यावर डावीकडे 36, उजवीकडे 1. पाठीमागे 2 आणि 35. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. खाली थर्माकोल ठेवून पिन ठोकायची, मग मागून चमच्याने वाकवायची.

नमुना प्रत बिनचूक निघाली. तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे ती नेमकी अशाच वेळी जाते. आल्यावर पुन्हा प्रिंट दिली. पण कागद आखूड बाजूने उलटायचं सेटिंग परत लांब बाजूवर गेलंय, हे मी पाहिलंच नाही. 450 कागद वाया. पहिलीच पुस्तिका पिना मारून उघडली तर मुखपृष्ठामागे 35वं पान, तेही खाली डोकं वर पाय.

नवी रिम फोडली, अर्थात माझ्या पदरची. म्हातारीने मात्र ती पिना मारलेली प्रत उचलली, मांडीवर उघडली आणि ओळींवरून बोट फिरवत गायला लागली. पान उलटलं, अक्षरं उलटी झाली, बोटही चालू, गाणंही चालू.

मी बघतच राहिलो. मुलगा हळूच म्हणाला, "तिले वाचता येस नही, भाऊ. सम्दं पाठ शे."

रात्री साडेनऊला 50 चांगल्या प्रती बांधून दिल्या. टेबल आवरताना ती खराब प्रत दिसेना. बाहेर पाहिलं तर म्हातारीच्या पिशवीतून तिचं टोक डोकावत होतं; वर मोठ्या टायपात मीच टाकलेलं तिचं नाव. मुलगा गाडीला किक मारत होता. मी काही बोललो नाही.

उद्या रात्री एखादी सून नेमकी तीच प्रत हातात घेणार, हे गाडी वळणाआड गेल्यावर माझ्या डोक्यात आलं.