तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन मारून चरे जातात का?

खंडेनवमी जवळ आली की रोज कुणीतरी विचारतं, "बोनेटवरचे चरे बफिंगनं जातील का? की रंगच उडेल?" उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर पाचटातून आणि बाभळीखालून जाणार, चरे पडणारच. पण त्याहून जास्त चरे धुळीच्या बोनेटवर कोरडं फडकं मारल्यानं पडतात.

बफर, म्हणजे फिरत्या पॅडनं रंग घासून चमकवणारं मशीन, चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा रंग घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतो. चमक येते ती रंग खर्चून, आणि रंग असतोच किती? अस्तरासकट (रंगाखालचा प्राइमर) वहीच्या एखाद-दुसऱ्या कागदाएवढा. म्हणून मशीन हातात घेण्याआधी मी चऱ्यावरून आडवं नख फिरवतो. नख सहज सरकलं तर चरा निघेल. अडकलं तर कमी दिसेल, पण पूर्ण जाणार नाही, आणि तिथे हट्ट धरू नये. आत पत्रा दिसत असेल तर बफिंग नकोच, आधी टच-अप करा, नाहीतर गंज धरेल.

मग स्वच्छ धुवून, सावलीत, पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाऊंड (रंग घासायची पेस्ट) घेऊन एका कोपऱ्यात घासून बघा. फडक्याला ट्रॅक्टरचा रंग लागला तर रंगावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नाही. जुन्या ट्रॅक्टरना बहुतेक नसतोच. घाबरू नका, उन्हानं मेलेला वरचा थर निघतोय.

रोटरी मशीनचा पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतो, त्यामुळे रंग झटकन तापतो. मी मिनिटाला 1000-1200 फेऱ्यांवर सुरू करतो आणि 1500 च्या वर सहसा जात नाही. पॅड आधी टेकवायचा, मग बटण दाबायचं, आणि हात सतत सरकता ठेवायचा. दोन-तीन हात मारले की पत्र्याला तळव्याची मागची बाजू लावून बघायची. कोमट असेल तर चालू द्या, चटका बसला तर थांबा.

कडांची मात्र मला खरी धास्ती. नवशिका असताना वडिलांच्या ट्रॅक्टरवर मी लोकरीचा पॅड बोनेटच्या कडेवर चार-पाच सेकंद जास्त धरला. लाल रंगात एकदम करडी रेघ उमटली. ते अस्तर होतं. वडील काही बोलले नाहीत, नुसता अंगठा फिरवला त्या रेघेवरून. कडेवर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा जोर तेवढ्या रेघेवर येतो. तेव्हापासून कडा, घड्या आणि स्टिकर यांवर आधी मास्किंग टेप लावतो, तेवढा भाग शेवटी हातानं घासतो.

लोकरीच्या पॅडनंतर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. तिथेच काम सोडणारे बरेच आहेत, आणि ते मला पटत नाही. फोमचा पॅड, बारीक पॉलिश, हलका हात, आणि मग वॅक्स. एवढं केलं की बोनेटमध्ये आंब्याची फांदी पानापानासकट दिसते.

एका बोनेटला माझा अर्धा दिवस जातो, मडगार्ड वेगळे. तेव्हा ट्रॅक्टर खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आणू नका, आठवडाभर आधी आणा.