अपडेट ४: जी तारेला जवारी आली

गेल्या वेळचा फोटो आठवत असेल: फडक्यावर माझ्या गिटारच्या नव्या लॉकिंग खुंट्या (तार पकडीत आवळून धरणाऱ्या), शेजारी त्यांच्यासाठी भोकं मोठी केलेला हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात ते मानेचं टोक, आणि खाली माझी फुशारकी. ती मागे घेतोय. रविवारी तारा चढवल्या, सुरात आणल्या, मोकळी जी छेडली आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय रे, तंबोरा आणलास की काय?"

खरंच झणझणत होती. मिरजेचे कारागीर घोडीवर घासून घासून जी जवारी काढतात, ती मला नटवर, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीवर, फुकट मिळाली. पहिल्या फ्रेटवर (पडद्यावर) बोट ठेवलं की आवाज स्वच्छ, म्हणजे दोष नटपाशीच. मग नेहमीची घाई: खाच खोल झालीय असं धरून खायचा सोडा नि सुपरग्लू भरला, पुन्हा कानसली. अख्खी संध्याकाळ गेली, झणझण तशीच. वैतागून नटच्या मागे तार अंगठ्याने दाबली तर आवाज बंद! खाच मुळात ठीक होती, तारच तिच्यात घट्ट बसत नव्हती.

तिरक्या हेडस्टॉकला ही भानगड नसते. जुन्या गिब्सन गिटारला १७ अंश, साठच्या दशकाच्या मध्यापासून १४. नट ओलांडला की तार आपोआप खाली जाते. (पडल्यावर मान तिथेच मोडते, ते वेगळं.) आपला फेंडर गिटारच्या पद्धतीचा सपाट, सरळ फळीतून कापलेला. तार खाली खेचायचं काम खुंटीचं. सहाही एका रांगेत, त्यात जी चौथी, म्हणजे नटपासून लांब. बी आणि बारीक ई त्याहून लांब, पण त्यांच्या डोक्यावर स्ट्रिंग ट्री, म्हणजे तार खाली दाबणारी छोटी पकड आहे. जी उघड्यावर. जुन्या क्लूसन ढंगाच्या खुंटीत तारेचं टोक खांबाच्या पोटात खुपसून मी तीन वेढे खाली उतरवायचो. लॉकिंगला वेढे लागत नाहीत, हेच तर तिचं कौतुक. पण मग तार भोकाच्या उंचीवरच राहते. म्हणून उतरत्या खांबांचा सेट घ्यायचा, नटपासून लांबचे खांब बुटके असलेला. मी तोच मागवला होता. काल कॅलिपर लावला: सहाही खांब एकाच मापाचे. दुकानदार म्हणतो, बसवलेला माल परत नाही. यापुढे आधी कॅलिपर, मग रीमर (भोक मोठं करायचं हत्यार).

मागे फिरणंही अवघड, कारण साडेआठची भोकं दहा मिलिमीटर करून बसलोय. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या रीमरबद्दल मात्र तक्रार नाही. पॉलिशचा टवकासुद्धा उडाला नाही. जुनी बुशिंग्ज (खांबाभोवती भोकात बसणाऱ्या धातूच्या कड्या) सोल्डरिंग गनने तापवून अलगद निघाली होती, त्याचा आनंद अजून उरलाय.

डी-जीला दुसरी ट्री लावता येईल, फेंडरने सत्तरच्या दशकात लावली तशी. पण मी ट्रेमोलोवाला, दांडी हलवून सूर खालीवर करणारा; तार घासायला आणखी एक जागा नकोय. काल जीला ढील देऊन लॉकिंगवरच दोन वेढे घेतले. झणझण निम्मी झाली. पण वेढेच घ्यायचे तर लॉकिंगचे पैसे कशाला घातले?

थांबा, हे लिहिताना सुचलं: कन्व्हर्जन बुशिंग! बाहेरून दहा मिलिमीटर, आतून पाव इंच. म्हणजे जुन्याच खुंट्या परत बसतील. स्क्रूची भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवलीत, ती पुन्हा पाडेन. ट्रीचा विचार रद्द, आज रात्रीच बुशिंग मागवतो.

जुन्या खुंट्या श्रीखंडाच्या डब्यात आहेत. स्क्रू मात्र पाचच सापडतायत.