कॉट बेसिसवर संसार

'तुमच्या वेळा तर वेगवेगळ्याच आहेत ना? मग एकच बेड पुरेल की!' हॉस्टेलचा मॅनेजर हे इतक्या सहज बोलला की मी 'हो' म्हणून मोकळी झाले. जिना उतरता उतरता लक्षात आलं, चार वर्षं लग्न झालेल्या आम्हा दोघांना आता एक कॉट पाळीपाळीने वापरायची होती.

गेल्या मे महिन्याची गोष्ट. मी कराडला शाळेत चित्रकला शिकवते, समीर घरी बसून वेबसाइट बनवतो. सुटी होती, फिरायचं होतं, बँकेत फार काही नव्हतं. काम करायचं आणि त्या बदल्यात राहायचं, ही पद्धत जुनीच आहे. 1971 मध्ये इंग्लंडमध्ये शेतांवर तिची एक संघटित सुरुवात झाली आणि आता प्रवाशांना खोलीऐवजी एकेक बेड देणाऱ्या हॉस्टेलांपर्यंत पोचली आहे. अशी कामं जुळवून देणाऱ्या वेबसाइटवर जोडप्याला एकत्र खातं उघडता येतं. दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस, असा साधारण रिवाज. मुंबईत फोर्टमधल्या एका हॉस्टेलने होकार कळवला: दोन बेड, सकाळचा नाश्ता, तीन आठवडे. मी भिंत रंगवायची आणि खोल्या आवरायला हात लावायचा, समीरने रात्रीचं काउंटर सांभाळायचं.

सासूबाईंचा फोन आलाच. 'डोंबिवलीला काका असताना हॉस्टेलात? आणि वर राबायचं? माणसं काय म्हणतील!' काकांच्या वन रूम किचनमध्ये आधीच पाच माणसं झोपतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मुद्दा तो नव्हताच.

कोयना एक्स्प्रेसने संध्याकाळी सीएसएमटीला उतरलो आणि पहिली अडचण समीरच्या आधार कार्डाने आणली. त्यावर अजून ठाण्याचा पत्ता, नोकरीच्या काळातला. बऱ्याच हॉस्टेलांत लोकल आयडीवाल्याला, म्हणजे जवळपासचाच पत्ता असलेल्याला, बेड देत नाहीत, इथेही तोच नियम. हा फुकट राबायला आलेला माणूस, पण पाहुणा म्हणून पैसे मोजून इथे राहू शकला नसता! शेवटी 'स्टाफ' म्हणून नोंद झाली आणि आत घेतलं.

पहिला आठवडा बरा गेला. स्टाफच्या खोलीत दोन बंक, त्यातले दोन बेड आमचे. माझी वेळ नऊ ते दोन, समीरची रात्री बारा ते पहाटे पाच. रात्री काउंटरला काय काम असणार, असं मला वाटायचं. पण परदेशातली बरीच विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. दोन-अडीच वाजता घामाघूम झालेली पोरं पाठीवर ओझं घेऊन लाकडी जिना चढून येणार, आणि समीरने त्यांचे पासपोर्ट, व्हिसा स्कॅन करून सी-फॉर्म भरायचा. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत ही माहिती सरकारकडे ऑनलाइन जावी लागते. एका मुलाला वडिलांचं नाव विचारलं तर तो म्हणाला, माझ्या वडिलांचा इथे काय संबंध? पहाटे तीनला यावर काय बोलणार!

माझ्या वाट्याला मावशी आल्या. माणगावकडच्या, राहायला गोवंडीला, हार्बरने यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चादर घालताना पाहिलं आणि हातातून ओढूनच घेतली. कोपरा आधी पाकिटासारखा दुमडायचा, मग गादीखाली खोचायचा, म्हणजे माणूस कितीही लोळला तरी सुटत नाही. चेकआउट अकराला, नवा पाहुणा एकला. मधल्या दोन तासांत अठरा बेड, अठरा अभ्रे आणि प्रत्येक गादी उचलून शिवणीत ढेकूण आहे का ते बघणं.

तिसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, 'तुला पगार किती?'

'नाही मिळत. राहायला मिळतं.'

'म्हंजे फुकट?' त्या थांबल्या. 'मागं दोघी होतो आम्ही. दुसरीला दिवाळीनंतर येऊ नको म्हणले.'

पुढे त्या काही बोलल्या नाहीत, उशीला अभ्रा घालत राहिल्या. मला मात्र ते दिवसभर डाचत होतं. मी ज्याला प्रवास म्हणत होते, ती कुणाच्या तरी पगाराची जागा होती. अशा राहण्याची कौतुकं वाचताना हे कुठे आलं नव्हतं. मी तरी कुठे शोधलं होतं म्हणा.

दुसऱ्या आठवड्यात बुकिंग वाढलं आणि 'एकच बेड पुरेल' आलं. तेव्हा तिथला बेड रात्रीला 800 रुपयांना जात होता. दोघांचे मिळून दहा तास, म्हणजे ताशी 160 वरून आम्ही 80 वर आलो. समीर शांतपणे हा हिशेब कागदावर मांडून मॅनेजरकडे गेला. बेड परत मिळाला नाही, माझा तेवढा एक तास कमी झाला. कुणी जोडीने जाणार असाल तर 'दोन बेड, शेवटपर्यंत' हे शब्द आधी लिहून घ्या. आमच्या मेसेजमध्ये 'शेवटपर्यंत' नव्हतं.

पण खरं सांगू? तो एक बेड आला आणि आमचं चांगलं चालू झालं. पहाटे पाचला समीर वर यायचा, मी उठायची. तो लगेच झोपायचा नाही. आम्ही खाली उतरून स्टेशनाजवळ सायकलवरच्या चहावाल्याकडे एक-एक कटिंग घ्यायचो. रस्ते धुतल्यासारखे रिकामे, पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं आणि आम्ही. तो रात्रीचे पाहुणे सांगायचा, मी पडलेली स्वप्नं. कराडला एका घरात राहून आम्ही इतकं बोलत नाही. मग तो माझ्या अंगाने ऊबलेल्या गादीवर जाऊन पडायचा आणि मी चालत ससून डॉकला जायची.

हा डॉक 1875 चा, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर बांधलेला. पहाटे तिथे पाय ठेवायला जागा नसते. 1 जूनपासून मासेमारी बंद होणार, त्यामुळे मेअखेरीची घाई वेगळीच. बर्फाचा चुरा, ओरडून चाललेले लिलाव आणि कडेला ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बाया. जेवढी सोलाल तेवढे पैसे. मी स्केचबुक काढलं तर एक म्हणाली, 'बाजूला बस गो, पाटीवाल्याच्या वाटेत बसलीस.'

सुटी सोमवार-मंगळवारची. पहिल्या सोमवारी घारापुरीला निघालो तर गेटवेवर कळलं, लेणी सोमवारी बंद असतात. (दुसऱ्या दिवशी गेलो. सदाशिवाच्या त्या अफाट मूर्तीपुढे समीर उभ्या उभ्या पेंगत होता.) त्या सोमवारी मग स्लो लोकलने चिंचपोकळीला उतरलो, दोघांचं जाऊन-येऊन 20 रुपये. माझे आजोबा पाटण तालुक्यातून येऊन लालबागला गिरणीत लागले होते. आजी सांगायची, एका खोलीत वीसेक जण. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच वळकटीवर आडवा. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. आजोबांच्या खानावळवाल्या त्यात होत्या का, ते आजीला सांगता आलं नसतं. ती कधी मुंबईला आलीच नव्हती. आजोबा वर्षातून दोनदा गावी यायचे, एवढाच त्यांचा संसार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले एक आजोबा. ते कायमचे घरी आले आणि आजीला पहिल्यांदा पूर्ण नवरा मिळाला, असं ती हसत म्हणायची. घरात तेव्हा खायला काय होतं, ते मात्र सांगायची नाही.

चाळ सापडली नाही. सांगितलेल्या खुणेवर टॉवर होता. वॉचमन सातारचाच निघाला, त्याने बसायला खुर्ची दिली. मिरची गल्लीत वर्षभराच्या मसाल्यांची कांडणं जोरात होती. आम्ही शिंकत शिंकत पाव किलो मसाला घेतला. ती पिशवी मग स्टाफच्या खोलीत उशाशी होती, त्यामुळे उरलेले सगळे दिवस बेडला लालबागचा वास.

राहता राहिली भिंत. मॅनेजरला 'खरी मुंबई' हवी होती: पद्मिनी टॅक्सी आणि जुनी लाल डबलडेकर बस. दोन्ही 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या, हे मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, पाहुण्यांना तेच आवडतं. काढल्या. पण खाली उजव्या कोपऱ्यात हातभर जागा उरली होती. तिथे मी एक लोखंडी कॉट काढली, खाली चपलांचे दोन जोड, एक आत येणारा, एक बाहेर जाणारा.

शेवटच्या दिवशी मावशी बादली घेऊन भिंतीसमोर थांबल्या. टॅक्सीकडे पाहिलं नाही, बसकडे पाहिलं नाही. खाली वाकून कॉट बघितली, बराच वेळ.

'एवढं शिकवलं,' त्या म्हणाल्या, 'तरी चादरीचा कोपरा बाहेरच ठेवलास.'

ब्रश धुवून ठेवले होते. परत काढले आणि कोपरा आत खोचला.